साखरेचा माग काढणारा माणूस

मराठी माणसाने काळीज या शब्दावर फार माया केली आहे. आपले काळीज तुटते, काळजाचा ठोका चुकतो, काळजाला घरे पडतात. पोटच्या पोराला तर आपण काळजाचा तुकडाच म्हणतो. हे सारे बोलताना आपल्या मनात असते ते हृदय. पण खाटकाच्या दुकानात जाऊन कलेजी मागितली तर तो हृदय देत नाही, यकृत देतो. शरीराच्या आतल्या या सर्वांत मोठ्या ग्रंथीची एरवी आपण दखलही घेत नाही. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसू लागले, डॉक्टरांनी कावीळ म्हणून सांगितले, की मग उसाचा रस, बिनतेलाचे जेवण, काविळीचे औषध देणारा गावाकडचा वैद्य आणि यकृत या सगळ्यांची एकदम आठवण होते.

गंमत अशी, की पावणेदोनशे वर्षांपूर्वी खुद्द डॉक्टरांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. यकृत पित्त तयार करते, एवढे त्यांना ठाऊक होते. पण सव्वा-दीड किलो वजनाचा, रक्ताने ओथंबलेला हा अवयव निसर्गाने केवळ तेवढ्यासाठी घडवला असेल का, या प्रश्नाचे उत्तर कुणापाशी नव्हते. ते उत्तर ज्याने शोधले त्या क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे नाव आपल्याकडे लुई पाश्चरइतके घरोघरी पोचलेले नाही. वास्तविक पाश्चर स्वतः त्याला फार मानत असे.

आज बेर्नारविषयी लिहावेसे वाटते त्याला एक कारण आहे. यकृताच्या प्रत्यारोपणाच्या बातम्या आता आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्याच्याच शेजारी आणखी एक उपचार गेली काही दशके चिकाटीने वाट काढतो आहे. त्यात पूर्ण यकृत बदलत नाहीत. दुसऱ्याच्या यकृतातल्या नुसत्या जिवंत पेशी रोग्याच्या शरीरात सोडतात. हे ऐकायला जादूसारखे वाटते. पण त्यामागचा विचार उमजायचा असेल, तर पॅरिसमधल्या एका ओलसर, अंधाऱ्या प्रयोगशाळेत डोकावायला हवे, असे मला वाटते. शिवाय त्या प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या माणसाचे आयुष्यही विलक्षण आहे. त्याला कीर्ती जिच्यापायी मिळाली, तिच्यापायीच त्याचे घर मोडले.

क्लोद बेर्नारचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्सच्या बोझोले भागातल्या सँ-जुलियँ या खेड्यात झाला. हा सारा मुलूख द्राक्षमळ्यांचा. वडील मळ्यात राबणारे. मद्याच्या व्यापारात त्यांनी हात घालून पाहिला, पण तो आतबट्ट्याचा ठरला. गावच्या धर्मगुरूने पोराला लॅटिन शिकवले, पुढे जवळपासच्या शाळांत शिक्षण झाले. मुलगा हुशार म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरला असे काही नाही. परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट सोडून अठरा-एकोणीस वर्षांच्या क्लोदला लिऑन शहराजवळ एका औषधविक्याच्या दुकानात उमेदवारी पत्करावी लागली.

त्या दुकानात थेरियाक नावाचे एक औषध फार खपे. अनेक द्रव्ये एकत्र करून केलेले हे औषध सगळ्या रोगांवर चालते अशी लोकांची श्रद्धा. दुकानात काही नासले, बिघडले, की मालक ते फेकू देत नसे. थेरियाकसाठी बाजूला ठेवायला सांगे. ते मिश्रण दर वेळी निराळे होई आणि गिऱ्हाइकांना मात्र दर वेळी सारखाच गुण येई! औषधाने बरे वाटणे आणि औषधाने बरे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या पोराने काउंटरमागे उभ्या उभ्या घेतला, असे म्हणायला हरकत नाही.

पण त्याचे मन होते नाटकात. त्याने लिहिलेले एक छोटेखानी प्रहसन लिऑनमध्ये रंगभूमीवर आले. त्याला हुरूप चढला. मग त्याने पाच अंकांचे ऐतिहासिक नाटक लिहिले आणि ते काखोटीला मारून १८३४ मध्ये थेट पॅरिस गाठले. सँ-मार्क झिरार्दँ या नामांकित प्राध्यापक-समीक्षकाने नाटक वाचले आणि पोटापाण्यासाठी आधी काही धंदा शिकावा असा सल्ला दिला. औषधांच्या दुकानात काम केलेच आहे तर डॉक्टरकीच का करू नये, असेही सुचवले. एखाद्या होतकरू नाटककाराला हा सल्ला किती झोंबला असेल! पण क्लोदने तो ऐकला. मराठी रंगभूमीवर डॉक्टर मंडळी पुष्कळ आली. इथे नाटकवाला वैद्यकात गेला.

वैद्यकातही त्याने फार चमक दाखवली असे नाही. परीक्षेच्या यादीत तो तळाशीच असे. पण कॉलेज द फ्रान्समधले प्राध्यापक फ्रांस्वा माझांदी यांच्याकडे तो १८४१ मध्ये मदतनीस म्हणून लागला आणि माझांदींच्या लक्षात आले, की या अबोल पोराच्या बोटांत कसब आहे. १८४३ मध्ये तो डॉक्टर झाला. पुढच्याच वर्षी अध्यापकपदाच्या स्पर्धापरीक्षेत नापास झाला. गावी परत जाऊन दवाखाना थाटावा असा विचार त्याच्या मनात घोळू लागला. तेव्हा मित्रांनी तोड काढली ती आपल्याकडल्या वडीलधाऱ्यांनी काढावी तशी: लग्न! पॅरिसमधल्या एका डॉक्टरची मुलगी फानी मार्तँ हिच्याशी १८४५ मध्ये त्याचा विवाह झाला. तिने आणलेल्या हुंड्यावर घर चालले आणि प्रयोगही चालले. या व्यवहारात फानीच्या मनाचा विचार कुणी केला होता की नाही, कोण जाणे. पुढच्या दुःखाचे बी इथेच पडले असावे, असे मला राहून राहून वाटते.

त्या काळी जिवंत जनावरांवर प्रयोग करणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत संशयित असे. १८४४ च्या सुमाराची गोष्ट. बेर्नारच्या प्रयोगशाळेतून एक कुत्रा जठराला बसवलेल्या नळीसकट पळाला आणि आपल्या मालकाकडे जाऊन उभा राहिला. हा मालक नेमका त्या भागाचा पोलीस अधिकारी निघाला! बेर्नारला बोलावणे आले. त्याने सगळे सरळ सांगून टाकले, कुत्र्याची नळी काढून त्याला बरे करून दिले. त्यानंतर तो अधिकारी बेर्नारचा पाठीराखाच झाला.

आता साखरेकडे वळू. प्राण्यांना साखर बनवता येत नाही. ती फक्त वनस्पतींना येते, प्राणी ती खाऊन जाळून टाकतात, असे त्या काळचे नाणावलेले रसायनशास्त्रज्ञ सांगत. बेर्नारला मधुमेहाचे कोडे उलगडायचे होते. म्हणून त्याने ठरवले, की खाल्लेली साखर शरीरात जाते कुठे आणि नाहीशी होते कुठे, याचा वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी माग काढायचा.

एका कुत्र्याला त्याने साखर आणि पिष्ट असलेले अन्न दिले. आतड्यांतून सगळे रक्त आधी यकृतात जाते आणि तिथून हृदयाकडे. यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. यात नवल नव्हते. पण बेर्नार तिथे थांबला नाही. त्याने दुसऱ्या कुत्र्याला नुसते मांस खाऊ घातले. आहारात साखरेचा कण नाही, तरी यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर भरपूर! मग त्याने यकृताकडे जाणाऱ्या शिरा योग्य जागी बांधून, रक्त उलटे वाहणार नाही अशी खबरदारी घेतली आणि पुन्हा तपासले. यकृतात शिरणाऱ्या रक्तात साखर नाही, निघणाऱ्या रक्तात आहे. याचा अर्थ एकच, साखर यकृतात तयार होते. हे १८४८ साल. पुस्तकातला एक मोठा सिद्धांत एका कुत्र्याच्या जेवणाने खोटा ठरला.

तरी शंकेखोर होतेच. यकृतात अडकून राहिलेल्या रक्तातली ती साखर असेल, असे म्हणणारे होते. १८५५ मध्ये बेर्नारने जो प्रयोग केला तो मला त्याच्या साऱ्या कामाचा कळस वाटतो. एके दिवशी वेळेअभावी यकृतातल्या साखरेची एक मोजणी लगेच आणि दुसरी दुसऱ्या दिवशी करावी लागली. आणि दुसऱ्या दिवशी साखर कितीतरी जास्त भरली. एखाद्याने हिशेबातली चूक म्हणून कागद फाडला असता. बेर्नारने नुकत्याच मारलेल्या कुत्र्याचे यकृत घेतले, त्याच्या मोठ्या शिरेतून थंड पाण्याची धार सोडली आणि ते चाळीस मिनिटे धुतले. रक्त गेले, साखर गेली, धुवण नितळ आले, यकृताच्या तुकड्यातही साखर उरली नाही. मग ते तसेच साध्या हवेत ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर होती!

जनावर मेले होते, रक्त वाहून गेले होते, मज्जातंतूंचा आणि मेंदूचा संबंध संपला होता. तरी यकृताचा तो गोळा आपले काम करतच होता. म्हणजे ही करामत रक्ताची नव्हती, ती यकृताच्या घटकद्रव्यातच होती. १८५७ मध्ये ज्यापासून साखर होते तो पांढरा, पिष्टासारखा पदार्थ बेर्नारने वेगळा काढून दाखवला. तोच ग्लायकोजेन. त्याच वर्षी जर्मनीत व्हिक्टर हेन्सेन या तरुणानेही तो स्वतंत्रपणे मिळवला होता.

आपल्या घरातल्या भाषेत सांगायचे तर यकृत म्हणजे घराची कणगी. आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम चहाचा एक चमचा साखर असते. ती फार वाढूनही चालत नाही आणि कमी पडली तर मेंदू लगेच तक्रार करतो. जेवण झाले, की यकृत जादा साखर ग्लायकोजेन करून ठेवणीत टाकते. भूक लागली, की गरजेपुरती मोडून रक्तात सोडते. आपण संकष्टीचा उपास चंद्रोदयापर्यंत निभावतो, रात्रभर निर्धास्त झोपतो, ते या कणगीच्या जिवावर. बाहेर दुष्काळ असो की सुकाळ, शरीराच्या आतले वातावरण एकसारखे राखले जाते आणि त्यामुळेच प्राणी स्वतंत्रपणे जगू शकतो, हा बेर्नारचा सिद्धांत पुढे साऱ्या शरीरक्रियाशास्त्राचा पाया झाला.

या ज्ञानाची किंमत जनावरांनी मोजली. बेर्नारचे पुष्कळसे प्रयोग जिवंत कुत्री आणि सशांवर झाले. भूल देण्याची विद्याच १८४६ नंतर आली. ती आल्यावरही तिचा वापर सर्रास होत नव्हता. क्युरारी या विषाने प्राणी निश्चल होतो, पण त्याच्या वेदना थांबत नाहीत, हे तर बेर्नारला इतर कुणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. घरात पत्नीला आणि मोठ्या होत असलेल्या दोन मुलींना हे सहन होईना. दोन मुलगे तान्हेपणीच गेले होते. नवरा प्रयोगशाळेत कुत्री फाडतो आणि बायको-मुली रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांना आसरा देतात, असे ते घर झाले. १८७० च्या सुमारास पतिपत्नी कायद्याने विभक्त झाली. मुली आईकडे गेल्या.

यात कोण बरोबर आणि कोण चूक, हा निवाडा सोपा नाही. बेर्नारच्या चरित्रात पुष्कळदा फानीला कजाग, विज्ञानद्वेष्टी बाई म्हणून निकालात काढलेले आढळते. मला ते पटत नाही. तिच्या हुंड्यावर उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेतली ओरड तिला ऐकू येत होती, एवढाच तिचा गुन्हा. १८७६ मध्ये इंग्लंडने प्राण्यांवरील प्रयोगांना बंधने घालणारा कायदा केला. आपल्याकडे १९६० च्या कायद्याने तशी व्यवस्था झाली. आज प्रयोगापूर्वी समितीची परवानगी घ्यावी लागते, भूल द्यावी लागते, पर्याय असेल तर तो वापरावा लागतो. बेर्नारच्या घरात जो वाद हरला, तो पुढे जगाने बराचसा मान्य केला.

बाहेर मात्र मानसन्मानांची रीघ लागली होती. १८५५ मध्ये माझांदींच्या पश्चात त्यांचे अध्यासन त्याच्याकडे आले. तिसऱ्या नेपोलियनने त्याच्याशी बोलून प्रभावित होऊन प्रयोगशाळांची सोय केली. १८६८ मध्ये तो फ्रेंच अकादमीवर निवडला गेला, पुढच्या वर्षी सिनेटर झाला. पण प्रकृती खालावली होती. आजारपणात तो सँ-जुलियँच्या घरी जाई, द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत मळ्यात रमे. तिथल्याच विश्रांतीत त्याचा प्रायोगिक वैद्यकावरचा सुप्रसिद्ध ग्रंथ आकाराला आला आणि १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आजारी असताना पाश्चरने वृत्तपत्रात त्याच्या कामाचा गौरव करणारा लेख लिहून त्याला उभारी दिली. शेवटच्या वर्षांत मारी राफालोविच या विदुषीशी त्याचा स्नेह जुळला. तिला त्याने लिहिलेली शेकडो पत्रे उपलब्ध आहेत. १० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झालेला तो फ्रान्सचा पहिला वैज्ञानिक मानला जातो.

आता त्या धुतलेल्या यकृताकडे पुन्हा येऊ. काम अवयवाच्या आकारात नसून त्याच्या घटकांत आहे, असे ठरले, की पुढचा प्रश्न ओघानेच येतो: मग ते घटकच सुटे करून दुसऱ्याला देता येतील का? १९६९ मध्ये यकृताच्या पेशी जिवंत सुट्या करण्याची चांगली रीत सापडली. ती रीत पाहिली, की बेर्नारची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. यकृताच्या शिरेतून द्रव सोडून ते धुवायचे. फक्त पाण्याऐवजी कोमट क्षारद्रव आणि पेशींना जखडणारे धागे सोडवणारे एक विकर वापरायचे. अखंड प्रत्यारोपणाला न चालणाऱ्या दान केलेल्या यकृतातूनही अशा पेशी मिळवता येतात. त्या रोग्याच्या यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत हळूहळू सोडतात. मोठी शस्त्रक्रिया नाही, रोग्याचे यकृत जागच्या जागी राहते.

भारतातही हे प्रयत्न लवकर झाले. हैदराबादचे डॉ. सी. एम. हबीबुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृत अचानक निकामी झालेल्या काही रुग्णांच्या उदरपोकळीत पेशी सोडून पाहिल्या आणि १९९४ मध्ये ते अनुभव प्रसिद्ध केले. अमेरिकेत १९९८ मध्ये दहा वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिला क्रिग्लर-नज्जार हा जन्मजात विकार होता. कावीळ मेंदूत जाऊ नये म्हणून रोज दहा-बारा तास निळ्या प्रकाशाखाली झोपावे लागे. तिला साडेसात अब्ज पेशी दिल्यावर काविळीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले आणि प्रकाशाचे तास सहा-सातवर आले.

पण माझ्या मनात घर करून आहे ती इटलीतल्या पादुआची नोंद. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदीतली बाई ४७ वर्षांची होती. तिच्या यकृताच्या कणगीत ग्लायकोजेन भरे, पण त्याची साखर होऊन बाहेर पडत नसे. कणगी भरलेली आणि घर उपाशी! अशा रोग्याला दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, खात राहावे लागते. नाहीतर साखर उतरून जिवावर बेतते. तिला दोन अब्ज पेशी दिल्या. नऊ महिन्यांनी ती नेहमीसारखे जेवत होती आणि सात तास काही न खाता राहू शकत होती. आपल्याला सात तासांची झोप म्हणजे काहीच वाटत नाही. बेर्नारने ग्लायकोजेन वेगळे काढल्याला तेव्हा दीडशे वर्षे होत आली होती.

असे असले तरी हुरळून जाऊ नये. दिलेल्या पेशींपैकी पुष्कळशा तग धरत नाहीत. गुण बहुधा काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षे टिकतो. परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून औषधे घ्यावीच लागतात. गोठवून साठवल्या तर त्यांचा जोम घटतो. सिरॉसिसने घट्ट झालेल्या यकृतात त्यांना रुजायला जागाच मिळत नाही. म्हणून जन्मजात विकारांत आणि पूर्ण यकृत मिळेपर्यंतचा पूल म्हणून त्यांचा विचार होतो. कायमचा इलाज म्हणून पूर्ण यकृताच्या प्रत्यारोपणाची जागा त्यांनी घेतलेली नाही.

हे ध्यानात ठेवायला हवे, कारण पेशींच्या नावाने सर्व रोग बरे करण्याचे आश्वासन देणारे आजही भेटतात. यकृताच्या रोगाने हवालदिल झालेले कुटुंब दागिने मोडून पैसे उभे करते. अशा वेळी औषधाच्या दुकानातल्या त्या उमेदवाराची आठवण ठेवावी. हा उपचार किती जणांना दिला, न दिलेल्यांचे काय झाले, गुण किती दिवस टिकला, एवढे तीन प्रश्न घरातल्या कुणीही विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर समोर ठेवलेली बाटली थेरियाकची आहे असे खुशाल समजावे.

आणि आणखी एक. पेशी सुट्या करायच्या तरी आधी यकृत हवे, आणि ते कुठल्याही कारखान्यात होत नाही. कुणाच्या तरी घरी दुःख कोसळलेले असताना त्या घरच्या माणसांनी मन घट्ट करून हो म्हटले, तरच ते मिळते. बेर्नारच्या टेबलावरच्या जनावरांना कुणी विचारले नव्हते. आज माणसाला विचारले जाते, आणि माणूस हो म्हणू शकतो. काळजाचा तुकडा हा शब्द आपण लेकरासाठी राखून ठेवला आहे. एखाद्या अनोळखी लेकरासाठी तो शब्दशः खरा करण्याची सोय आता झाली आहे.